धाकट्याच्या बारशानंतर पिक्चर निघालाच नाही

बीड जिल्ह्यातलं गाव सोडून आम्ही कुरुळीला आलो तेव्हा मी सातवीत होते. दहा बाय दहाची पत्र्याची खोली आणि तीत आम्ही पाच जण. बाप ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर गाड्या भरायचा. दुसऱ्याच वर्षी त्याचा मणका सरकला आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला तो झोपलाच. माय तीन मेसच्या पोळ्या लाटायची. उन्हाळ्यात वर पत्रा तापलेला, खाली शेगडी पेटलेली, आणि मधे आम्ही. माझ्या दप्तरातून पीठ निघायचं. वर्गातल्या पोरी माझ्या वहीवर फुंकर मारून बघायच्या, खरंच उडतं का म्हणून. उडायचं.

आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मी बारावी झाले तेव्हा पेढे वाटायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माय एवढंच म्हणाली, "पोरी, माझे हात आता उचलत नाहीत." पुढच्या आठवड्यात मी चाकणच्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागले, आणि त्याच महिन्यात बाहेरून बीए करायचा फॉर्म भरला. फॉर्म भरल्याचं घरी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाप भिंतीकडचं तोंड इकडे करून काहीतरी बोलला असता, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

आज मी वाकडला एका ऑफिसात बसते. तिथे पोरं डबा खाताना पिक्चरवर बोलतात, मालिकांवर बोलतात, कोणाला किती स्टार द्यायचे ते ठरवतात. मी ऐकते आणि गप्प राहते. कारण पिक्चरवर बोलणारा खरा माणूस मी एकच पाहिला, आणि त्याच्याशी मी जे वागले ते चांगलं होतं का वाईट, हे माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांना सगळे मामा म्हणायचे. बुटके, पांढऱ्या मिशा, खिशात कंगवा. शॉपमध्ये, म्हणजे कंपनीतल्या आमच्या विभागात, सगळ्यांच्या बुटांवर तेलाचे डाग असायचे, मामांचे बूट मात्र लग्नाला निघाल्यासारखे. ते मूळचे निघोज्याचे. कंपनी उभी राहिली ती जमीन त्यांच्या भावकीची. "चार नंबरचा प्रेस हाय ना, तितं आमची हीर व्हती," असं ते कुणालाही सांगायचे. जमिनीचे पैसे भावाभावांत वाटले गेले आणि उडाले. मामांच्या वाट्याला राहिली ती पर्मनंटची नोकरी, जमीन दिली म्हणून मिळालेली. ती टिकवायची, साठीपर्यंत न्यायची आणि मानानं गेटच्या बाहेर पडायचं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी सगळं आयुष्य त्यांनी जुन्या पिक्चरना आणि टीव्हीवरच्या जुन्या विनोदी मालिकांना देऊन टाकलेलं.

आमचं प्रेस शॉप. गाड्यांचे पत्रे दाबून त्यांना आकार द्यायचा. एकेक प्रेस दोन मजली घराएवढा. ठोका पडला की आवाज कानात नाही, छातीत जातो. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझं हृदय बंद पडून आता त्या मशीनच्या तालावर चाललंय. कानात कापसासारखे बोळे घालायला देत, ते घातले की खाज सुटायची, म्हणून बरेच जण खिशात ठेवत. अशा जागी तोंडानं कोण बोलणार? सगळं हातांनी चाले. अंगठा ओठाला लावला की चहा. मनगटावर दोन बोटं आपटली की किती वाजले. टोपीची कड धरल्यासारखं केलं की सुपरवायझर येतोय. पंधरा दिवसांत मी ही भाषा शिकले. मग शॉपमध्ये किती गप्पा चालतात ते मला दिसायला लागलं. पोरं पन्नास फुटांवरून एकमेकांची थट्टा करायची, भांडायचीसुद्धा.

माझं टेबल चार नंबरच्या समोर. पत्रा आला की त्यावरून हात फिरवायचा, चीर, खळगा, धार बघायची आणि शिक्का मारायचा. आणि समोर मामा. ते दोन ठोक्यांच्या मधे मला पिक्चर सांगायचे. हातांनी. एक पिक्चर आठवडाभर चाले. एक काळापांढरा होता, त्यात एक बँडवाला असतो आणि त्याची तुतारी सावकाराच्या घरात राहते. ती परत आणायला तो बिचारा चार वेळा त्या घरात शिरतो. मामा खांदे वर करून सावकार व्हायचे, मान आत घेऊन बँडवाला व्हायचे. मधेच ठोका पडायचा, पत्रा यायचा, मी शिक्का मारायचे, की पुन्हा बँडवाला खिडकीत. शनिवारी तुतारी मिळाली तेव्हा मी टेबलाला धरून हसत होते आणि माझा हसण्याचा आवाज मलासुद्धा येत नव्हता.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. मी ते पिक्चर कधी पाहिले नव्हते. आजही त्यातले काही पाहिले की वाटतं, मामांनी केलेला सावकार जास्त चांगला होता.

कॅंटीनमध्ये मामा भिंतीला पाठ लावून बसायचे, सगळ्यांची तोंडं दिसतील असे. आणि मतं द्यायचे. मत म्हणजे निकालच.

"नट किती मोटा हे दारात कळतं. दारातनं आत येताना ज्याला बघून वाटतं, ह्येला ह्या घरात कुनी बोलिवलेला न्हाई, त्यो मोटा नट."

"माणूस पडला तर त्यो विनोद न्हाई. पडला, उटला, आन् कुनी बगितलं का म्हनून इकडंतिकडं बगितलं, त्यो विनोद."

"गानं म्हंजी पिक्चरची जेवायची सुट्टी. उटून जावा, पाय मोकळे करा."

त्यांची सगळ्यांत लाडकी होती एक जुनी मालिका, पोस्ट ऑफिसवरची. एकच चॅनल असायचं तेव्हाची. पोस्टमास्तरच्या खुर्चीचा एक पाय आखूड, आणि प्रत्येक भागात तो त्याखाली नवं काहीतरी घालून बघतो. कधी वही, कधी शिक्क्याची गादी, एकदा तर जावयाचा बूट. "त्या खुर्चीला बक्षीस द्याया पायजे व्हतं," मामा म्हणायचे, "समद्यांत चांगलं काम तिनं केलं."

वेल्डिंगवरचा एक पोरगा होता, रत्नागिरीकडचा, तोंडाचा फटकळ. तो मुद्दाम काडी घालायचा. "मामा, मग हल्लीचा कुठलाच पिक्चर नाय आवडत तुमका?"

"माज्या धाकट्याच्या बारशानंतर एकबी पिक्चर निगालेला न्हाई."

"म्हणजे पिक्चर बंद पडले ते तुमच्या धाकट्यामुळे?"

सगळे हसायचे. मामाही हसायचे. "आता कुनी काय करतच न्हाई रं. नुसती तोंडं हालिवत्यात. तोंडं हालिवनं म्हंजी काय पिक्चर?"

त्यांच्याशी वाद घालता येत नसे. समोरचा काही सांगू लागला की मामा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचे, अर्ध्यात मान फिरवायचे आणि पुढचं मत टाकायचे. नव्या पोरांना वाटे, म्हातारा शेफारलाय, कुणाचं ऐकूनच घेत नाही. सुपरवायझरही म्हणायचा, "जमीनवाले आहेत ना, मालक समजतात स्वतःला." मलाही तसंच वाटे. फक्त कामात त्यांचा हात कुणी धरत नसे, हे कबूल होतं. ठोके चालू असताना ते प्रेसच्या अंगाला तळवा लावून उभे राहत आणि मधेच लाल बटण दाबत. साचा उतरवून बघितला की त्यात केसाएवढी चीर. यंत्रं लावूनही जे दिसत नसे ते त्यांना तळव्याला कळायचं.

जेवणाच्या सुट्टीत ते मोबाइलवर पोस्टमास्तर बघत. आवाज बंद करून. एकदा मी शेजारी बसले होते. म्हटलं, "मामा, आवाज द्या की थोडा."

"चांगल्या पिक्चरला आवाज लागत न्हाई."

मी हसत हसत स्वतःच बाजूचं बटण दाबलं. मोबाइलमधून पोस्टमास्तरचं बोलणं आलंच नाही. कुणीतरी तो भाग चढवताना मूळ आवाज काढून टाकून त्यावर सनईची टेप लावली होती. मोठ्यानं सनई वाजायला लागली. आणि मामा पोस्टमास्तरच्या ओठांबरोबर एकेक वाक्य म्हणत होते. बरोबर त्या क्षणाला, बरोबर त्या सुरात. कारकुनाचंही, जावयाचंही. खुर्ची कलंडली तशी त्यांनी मांडीवर थाप मारली. सनई चालूच होती. चारपाच टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली तेव्हा मामांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी आवाज बंद केला.

सुटल्यावर कंपनीच्या बसच्या रांगेत ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

"कळलं व्हय तुला?"

मी मान हलवली.

"किती जनास्नी सांगनार?"

मी हातानं सांगितलं, कुणालाच नाही. आता मला शब्दांपेक्षा तेच सोपं वाटलं.

मग त्यांनी मला सांगितलं ते असं. कंपनीत लागल्यावर आठदहा वर्षं कान गेल्याचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. शॉपमध्ये कुणालाच ऐकू येत नाही, मग आपलं काय वेगळं? बाहेर आलं की शिट्टी वाजत राही, त्यांना वाटे थकव्यानं होतंय. "धाकट्याचं बारसं व्हतं. पाळना हालवत व्हत्या. बायका म्हनत व्हत्या, काय आवाज हाय पोराचा, समदं गाव गोळा करंल. मी वाकून बगितलं. मला नुसतं उगडलेलं तोंड दिसलं."

एवढं बोलून ते गाडीत चढले. मी दुसऱ्या गाडीनं गेले.

त्यानंतर मी त्यांची मतं नव्यानं ऐकायला लागले. दार, खुर्ची, पडणं, मान वळवणं. सगळी डोळ्यांनी दिलेली मतं होती. ज्या पिक्चरचे संवाद ते म्हणत, ते सगळे बारशाच्या आधीचे. कान चालू होते तेव्हा जेवढं आत गेलं तेवढ्यावर हा माणूस वीसेक वर्षं हसत होता.

हे लपवायचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण आमच्याकडे 'अनफिट' हा एकच शब्द सगळे ओळखत. पेंटवरच्या एकाची नजर कमी झाली, त्याला वर्षाच्या मेडिकलमध्ये अनफिट मारलं आणि तो घरी गेला. कायदा काय म्हणतो ते कुणाला माहीत? आम्हाला तो घरी गेलेला दिसला. कामामुळे कान गेले तर सरकारी विम्यातून आयुष्यभर भरपाई मिळते, हे मामांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. ही आमची अडाण्यांची चूक. जे हक्काचं होतं तेच आम्ही गुन्ह्यासारखं लपवत होतो.

मेडिकलची गाडी वर्षातून एकदा येई. आत एक काचेची पेटी, त्यात बसायचं, कानाला यंत्र लावायचं, आवाज आला की बटण दाबायचं. दरवर्षी मामा तपासणाऱ्या माणसाच्या कोपराकडे बघून बटण दाबत आणि सुटत. त्या वर्षी नवी गाडी आली. पेटीतल्या माणसाची पाठ तपासणीसाकडे. मामांनी दोन दिवस आधी चक्कर मारून ते बघून ठेवलं होतं.

फॉर्म भरायला इंग्रजी लिहिणारं कुणीतरी हवं होतं. एचआरच्या मॅडमनी मला बोलावलं. "तू बीए करतेयस ना? अक्षर चांगलं आहे तुझं." मी केवढी फुगले होते म्हणून सांगू. घरी पहिल्यांदा सांगितलं, मी कॉलेज करतेय आणि त्यामुळे कंपनीनं मला लिहायच्या कामाला बसवलंय. बाप फक्त भिंतीकडून इकडे वळला.

त्याच संध्याकाळी मामा टेबलाशी आले. प्रेस बंद होते, तरी त्यांनी हातांनीच विचारलं. ती गाडी. तू लिहिणार. आवाज सोडला की मशीनवर लागणारा दिवा तुला दिसणार. पेटीच्या समोरच्या काचेतून तू मला दिसणार. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावरची बट मागे सारल्यासारखं केलं, बाईमाणसासारखं, आणि माझ्याकडे बघितलं.

मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही. दिवा लागला की मी केस मागे सारले. उजव्या कानाला सात वेळा, डाव्या कानाला सात वेळा. तपासणारी मुलगी म्हणाली, "काकांचे कान एकदम चांगले आहेत हो, या वयात." मी माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं, नॉर्मल. माझ्या शिक्षणाचा कंपनीत झालेला पहिला उपयोग तो.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला हातांनी एक नवीन पिक्चर सुरू करून दिला. बक्षीस म्हणून. मी बघितला नाही. पत्र्यांवर शिक्के मारत राहिले.

सहा महिन्यांत जुने प्रेस निघाले. नवी लाइन आली, सगळी जाळीच्या पिंजऱ्यात. आत रोबो, बाहेर माणूस. पिंजऱ्याचं दार उघडलं की मशीन आपोआप थांबणार, म्हणजे प्रेसला तळवा लावायची सोयच संपली. बिघाड झाला की गाणं वाजायचं. प्रत्येक बिघाडाला वेगळी धून, बालवाडीतल्यासारखी. खांबावर दिवाही होता, पण मामांना जिथे उभं केलं तिथून तो पाठीमागे. त्यामुळे मामा दर मिनिटाला मान वळवून मागे बघत. पोरं चेष्टा करायला लागली. "मामा, मागं कोण लागलंय? सावकार?"

मामा म्हणायचे, "असली रडकी गानी लावत्यात. मी न्हाई लक्ष देत." आणि सगळ्यांना ते खरं वाटे, कारण त्यांचं असं प्रत्येक गोष्टीवर मत असायचंच.

सुपरवायझरनं दोनदा लेखी समज दिली, धून वाजूनही मशीन थांबवली नाही म्हणून. तिसऱ्यांदा साच्यात पत्रा दुमडला, धून वाजत राहिली आणि मामा पुढचा पत्रा ठेवत राहिले. साचा फुटला. दोन दिवस लाइन बंद. मामांना चार्जशीट मिळाली. त्यात लिहिलं होतं, जाणूनबुजून आज्ञा मोडली, जाणूनबुजून नुकसान केलं. शिक्षा बडतर्फी. आणि पुराव्याच्या कागदांत माझ्या अक्षरातला मेडिकलचा फॉर्म. ऐकू व्यवस्थित येतं. म्हणजे ऐकूनही थांबला नाही.

मामांना एक वाक्य बोललं की सुटता आलं असतं. ते त्यांनी म्हटलं नाही. युनियनच्या माणसानं विचारलं, "मामा, गाणं ऐकू नाही का आलं?" मामा म्हणाले, "आलं की. मला न्हाई आवडलं."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. मी निघोज्याला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या घरी जायची ती माझी पहिलीच वेळ. मामी दारातच म्हणाल्या, "त्येंच्या कंपनीतली पोरगी का? ये, बस." टीव्ही चालू होता. कसला तरी जुना पिक्चर, आणि आवाज अजिबात नाही. मामा खुर्चीत होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले.

मामी चहा ठेवायला आत गेल्या, मी त्यांच्यामागे गेले. "मामी, आवाज का बंद असतो?"

"मीच बंद करते." त्यांनी आलं ठेचता ठेचता सांगितलं. "त्येंना येत न्हाई, मंग मला एकटीला कशाला? त्ये हसलं की मी हसते. धाकटं पाळन्यात व्हतं तवापासनं असंच हाय."

"तुम्हाला माहीत आहे?"

"एका घरात ऱ्हातो बाई आमी. पर त्ये कदी बोललं न्हाईत, म्हनून मीबी बोलले न्हाई. बोलले तर ह्या घरात त्येंना ठेवायला जागा कुटं उरल?"

बाहेर मामा हसले. मामी चुलीजवळूनच हसल्या. त्यांना पडदा दिसतही नव्हता.

चहा घेऊन मी मामांसमोर बसले आणि हातांनी सांगितलं, मी चौकशीत खरं सांगणार आहे. फॉर्म खोटा आहे. मी लिहिलाय.

ते मोठ्यानं बोलले. "न्हाई."

मी सांगितलं, नोकरी जाईल.

"गेली तर गेली. मस्तीखोर म्हनून जाईन. ह्यानं कंपनीचं ऐकलं न्हाई, असं म्हनतील. बहिरा म्हनून न्हाई जायाचं." मग थोडं थांबून म्हणाले, "माझी समदी मतं हायेत ना पिक्चरवरची, मंग त्येला कुनी मतं म्हननार न्हाई. म्हनतील, बहिऱ्याला काय कळतंय."

मामी दारात येऊन उभ्या होत्या. मी उठले तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "तू सांग. माझं नाव घेऊ नको."

मी आठवडाभर पुस्तकं उघडली नाहीत. शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर होती. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार हे मला ठाऊक होतं. कॉन्ट्रॅक्टवाल्याला काढायला चार्जशीटही लागत नाही. घरात तेव्हा माझ्याच कमाईवर चालत होतं, मायनं पोळ्या सोडल्या होत्या. मायला विचारलं. ती म्हणाली, "खोटं तू लिहिलंस ना? मग मला काय विचारतीस?"

चौकशी करणारे वकील पुण्याचे होते. एका बाजूला कंपनीचा माणूस, एका बाजूला मामा आणि युनियनचा माणूस. मी उभी राहून सांगितलं. दिवा लागला की मी केस मागे सारत होते. चौदा वेळा. यांना ऐकू येत नाही, खूप वर्षांपासून. फॉर्मवरचं अक्षर माझं आहे.

वकिलांनी विचारलं, "तुम्ही हे का केलं?"

मी म्हटलं, "तेव्हा मला वाटलं मी मदत करतेय."

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी मुद्दाम सावकाश बोलले, त्यांना ओठ वाचता यावेत म्हणून. त्यांच्या पाठीमागे बोलले असं व्हायला नको होतं. त्यांनी शेवटपर्यंत बघितलं. मग मान खाली घातली आणि बुटांकडे बघत बसले. कंपनीचा माणूस सहज मोठ्यानं म्हणाला, "मामा, खरं आहे का हे?" मामांनी मान वर केली नाही. तो पुन्हा म्हणाला. मामा बुटांकडेच बघत राहिले, आणि तेवढ्यानंच सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी गेटवर माझं कार्ड लागलं नाही. वॉचमन म्हणाला, "ताई, वरून आलंय."

मामा त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. मी दोनदा निघोज्याला गेले. मामी आत बोलवायच्या, चहा द्यायच्या. मामा पडद्याकडे बघत राहायचे. एकदा मी हातांनी विचारलं, कुठला पिक्चर? त्यांनी मान पुन्हा पडद्याकडे वळवली. मामी सांगत होत्या की ते पुन्हा कामावर जायला लागलेत, पण आता कॅंटीनला भिंतीशी बसत नाहीत, डबा घेऊन साचे ठेवतात त्या खोलीत जातात. मतं देत नाहीत. रत्नागिरीच्या पोरानं एकदा त्यांच्यासमोर उभं राहून, तोंड मोठं करून विचारलं, "मामा, एखादं मत?" मामा म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं."

ते ऐकल्यावर मी पुन्हा गेले नाही. मी त्यांची नोकरी वाचवली, असं युनियनचा माणूस म्हणतो. मी त्यांच्याकडून काय घेतलं ते त्याला माहीत नाही. मामींना माहीत असेल. त्या अजून हसतात का, ते मी विचारलं नाही.

चार्जशीट मागे घेतली गेली. विम्याच्या दवाखान्यात तज्ज्ञांनी मामांना तीनदा तपासलं आणि दोन्ही कान प्रेसच्या आवाजानं गेले असं लिहून दिलं. त्यांना बडतर्फ करता आलं नाही. साच्यांच्या खोलीत त्यांनी साठीपर्यंत काम केलं आणि आता त्यांना दरमहा भरपाई मिळते. नंतर त्या शॉपमधल्या सगळ्यांचे कान पुन्हा तपासले, पेटीत पाठ करून, आणि कान गेलेले आणखी सहा जण निघाले. त्यांचीही नोंद झाली. मी त्याच वर्षी बीए झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर.